नेत्यांची मालमत्ता, करविषयक वाद आणि जनमत : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजशब्द : जनमत, बेनामी मालमत्ता, आयकर, सहकारी साखर कारखानदारी, आदिवासी जमीन, नंदुरबार

प्रास्ताविक

लोकशाही शासनव्यवस्थेत लोकप्रतिनिधीची मालमत्ता हा केवळ त्याचा खासगी विषय राहत नाही. ज्याच्या हाती सार्वजनिक निधी, परवाने व निर्णयाचे अधिकार असतात, त्याच्या संपत्तीत होणारी वाढ हा नागरिकांच्या जिज्ञासेचा आणि प्रसंगी संशयाचाही विषय बनतो. महाराष्ट्राच्या राजकारणात असे वाद नवे नाहीत. १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणातून मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. २०१० मध्ये 'आदर्श' प्रकरणातून अशोक चव्हाण यांना, तर २०१६ मध्ये भोसरी येथील भूखंडाच्या वादातून खानदेशचेच नेते एकनाथ खडसे यांना पद सोडावे लागले. अशा प्रत्येक प्रसंगी 'जनमत' हा शब्द सर्रास वापरला गेला. जनमत संतापले, जनमत विरले, जनमताने कौल दिला, अशी विधाने वृत्तपत्रांतून व व्यासपीठांवरून होत राहिली. मात्र हे जनमत नेमके कोणाचे, ते कोणत्या अनुभवातून घडते आणि त्याला कोणता प्रश्न विचारला जातो, याची चिकित्सा क्वचितच झाली आहे.

प्रस्तुत लेखात अजित पवार यांच्या निकटवर्तीयांच्या मालमत्तेसंबंधी २०२१ ते २०२४ या काळात गाजलेले आयकर व बेनामी मालमत्ता प्रकरण नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीवरून तपासण्याचा प्रयत्न केला आहे. कोणाही व्यक्तीला दोषी वा निर्दोष ठरविणे हा येथे हेतू नाही. तो अधिकार न्यायव्यवस्थेचा आहे. या प्रकरणावरील सार्वजनिक चर्चेने जनमताला कोणत्या चौकटीत बसविले आणि त्या चौकटीबाहेर काय राहून गेले, हे पाहणे हा येथील मर्यादित उद्देश होय.

प्रकरणाची रूपरेषा

दि. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी आयकर विभागाने मुंबईतील दोन बांधकाम व्यवसाय समूह व त्यांच्याशी संबंधित व्यक्ती आणि संस्था यांच्याविरुद्ध शोधमोहीम हाती घेतली. सुमारे ७० ठिकाणी तपासणी झाली. सुमारे १८४ कोटी रुपयांच्या बेहिशेबी उत्पन्नाचे पुरावे मिळाल्याचे निवेदन केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्यानंतर प्रसृत केले. अजित पवार तेव्हा महाविकास आघाडी सरकारात उपमुख्यमंत्री होते. आपल्या बहिणींच्या घरी झालेल्या तपासणीवर त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि संबंधित कंपन्यांकडून कर नियमितपणे भरला जात असल्याचे सांगितले. याच शोधमोहिमेच्या वृत्तांत दौंड, अंबालिका व जरंडेश्वर या कारखान्यांच्या जोडीने नंदुरबार तालुक्यातील समशेरपूर येथील पुष्पदंतेश्वर साखर कारखान्याचेही नाव आले. राज्याच्या राजधानीतील वाद अशा रीतीने तापीकाठच्या जिल्ह्यात येऊन पोहोचला.

नोव्हेंबर २०२१ च्या प्रारंभी बेनामी मालमत्ता प्रतिबंधक कायद्यान्वये तात्पुरत्या जप्तीची कारवाई झाली. सातारा जिल्ह्यातील जरंडेश्वर साखर कारखाना, मुंबईतील कार्यालय, दिल्लीतील सदनिका व गोव्यातील विश्रामस्थान यांसह एक हजार कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या मालमत्तांचा उल्लेख वृत्तपत्रांतून झाला. पुढे दि. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार भारतीय जनता पक्ष व शिवसेना (शिंदे) यांच्या सरकारात उपमुख्यमंत्री म्हणून सामील झाले. दि. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीतील अपीलीय न्यायाधिकरणाने आयकर विभागाचे अपील फेटाळले. पवार कुटुंबीयांनी बेनामी मालमत्ता घेण्यासाठी पैसा पुरविल्याचा पुरावा आढळत नाही आणि व्यवहार बँकिंग मार्गाने झाले आहेत, असा या निर्णयाचा आशय होता. मालमत्ता मुक्त झाल्याचे वृत्त डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, दि. ५ डिसेंबर रोजी, त्यांनी पुन्हा उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती.

घटनाक्रम एवढाच. तथापि या क्रमातूनच जनमताविषयीची दोन परस्परविरोधी विधाने जन्माला आली. एका पक्षाने म्हटले की कारवाई राजकीय होती आणि सत्य अखेर बाहेर आले. दुसऱ्याने म्हटले की सत्तांतराबरोबर तपासही बदलला. कालक्रमाच्या सान्निध्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्राचे प्राथमिक सूत्र होय. न्यायाधिकरणाचा निर्णय त्यातील पुराव्यांच्या आधारेच वाचला पाहिजे. परंतु जनमत तर्कशास्त्राच्या सूत्रांवर चालत नाही, ते क्रम लक्षात ठेवते. म्हणूनच निर्णय कायद्याने पूर्ण असूनही संशय शिल्लक राहू शकतो, आणि त्या संशयाला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारता येत नाही.

'बेनामी' : शब्द आणि स्थानिक अनुभव

बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१६ मध्ये त्यात व्यापक दुरुस्ती झाली व ती दि. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि लाभही दुसऱ्याचाच, अशा व्यवहाराला कायदा बेनामी म्हणतो. महानगरातील वाचकाला ही एक तांत्रिक संज्ञा वाटते. नंदुरबार जिल्ह्यात मात्र या संज्ञेमागील वास्तव कायद्याच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६.४८ लाख लोकसंख्या असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. शहादा व तळोदा परिसरातील सुपीक जमिनी भिल्ल कुटुंबांच्या हातून गहाणखत, कर्ज व तोंडी करार अशा मार्गांनी निसटत गेल्या. ज्याची जमीन तोच तिच्यावर सालदार म्हणून राबू लागला. १९७१ च्या मे महिन्यातील पाटीलवाडी प्रकरणानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या माध्यमातून या प्रश्नाला वाचा फुटली. या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर १९७४ चे जमीन प्रत्यर्पणाचे कायदे झाले. दि. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळण्याची तरतूद त्यांत होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ व ३६-अ यांनी पुढील हस्तांतरणावरही निर्बंध आणले.

या इतिहासाने येथील सामान्य माणसाला एक गोष्ट शिकविली. ती म्हणजे सातबाऱ्यावरील नाव आणि शेतातील ताबा या दोन भिन्न गोष्टी असू शकतात. कागद स्वच्छ असूनही व्यवहार अन्यायाचा असू शकतो, आणि कागदावर नाव नसूनही जमीन खऱ्या अर्थाने कसणाऱ्याची असू शकते. म्हणून 'बेनामी सिद्ध झाली नाही' हे न्यायाधिकरणाचे विधान ज्या अर्थाने विधिज्ञ वाचतो, त्याच अर्थाने नंदुरबारचा शेतकरी वाचील, असे गृहीत धरता येत नाही. त्याच्या लेखी कागद शाबूत निघाला, एवढाच त्याचा अर्थ होण्याचा संभव आहे. ही वृत्ती न्यायालयाचा अवमान नव्हे. दोन पिढ्यांच्या अनुभवाने दिलेली ती सावधगिरी आहे. मात्र तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. प्रत्येक स्वच्छ कागदाकडे संशयाने पाहण्याची सवय जडली की निर्दोष व्यक्तीला आपले निर्दोषत्व कधीच सिद्ध करता येत नाही. असे जनमत न्यायाचे साधन न राहता केवळ कुजबुजीचे साधन बनते.

करदाता कोण ?

करविषयक वादात 'करदात्यांचा पैसा' हा शब्दप्रयोग अटळपणे येतो. त्यामागे एक न उच्चारलेले गृहीतक असते, ते असे की जो आयकर भरतो त्यालाच प्रश्न विचारण्याचा अधिकार. आयकर अधिनियमाने शेती उत्पन्न करमुक्त ठेवलेले असल्याने आणि बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने नंदुरबारमधील बहुतांश नागरिक आयकराच्या कक्षेबाहेर राहतात. आदिवासींना आयकर माफच असतो, असाही एक समज आढळतो. वस्तुतः अनुसूचित जमातींसाठीची विशेष करसवलत ईशान्येकडील काही राज्ये व प्रदेश आणि लडाख यांपुरती आहे. महाराष्ट्रातील आदिवासींना ती लागू नाही. येथील आदिवासी आयकर भरत नसेल तर तो सवलतीमुळे नव्हे, दारिद्र्यामुळे.

दुसरीकडे, अप्रत्यक्ष करातून कोणाचीही सुटका नाही. दि. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर धडगावच्या बाजारात साबण विकत घेणारी स्त्री आणि मोबाइलचे रिचार्ज करणारा स्थलांतरित मजूर हे दोघेही करदातेच ठरतात. परंतु तो कर पावतीवर ठळकपणे दिसत नाही, त्याचे विवरणपत्र भरावे लागत नाही. परिणामी कर देणाऱ्यालाच आपण कर देतो याची जाणीव राहत नाही. नेत्याच्या कराविषयीच्या वादात हा मोठा समूह प्रेक्षक म्हणून बसविला जातो, फिर्यादी म्हणून नव्हे. जनमत घडविणाऱ्या माध्यमांनी ही दरी बुजविण्याऐवजी ती अधिकच रुंद केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

साखर कारखानदारीच्या करविषयक इतिहासात याहून बोलका विरोधाभास सापडतो. सहकारी कारखान्यांनी शेतकऱ्यांना किमान वैधानिक दरापेक्षा जो अधिक ऊसदर दिला, तो खर्च नसून नफ्याचे वाटप आहे अशी भूमिका घेऊन आयकर विभागाने दीर्घकाळ कराची मागणी चालू ठेवली. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठी या रकमा खर्च म्हणून मान्य करण्याची तरतूद झाली आणि सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगण्यात आले. म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडलेला वाढीव दर हाही कित्येक वर्षे करवादाचा विषय होता. तथापि या वादावर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी रात्रीच्या चर्चा घडविल्या नाहीत. व्यक्तीभोवतीचा करवाद जनमताचा विषय होतो, व्यवस्थेतील करवाद लेखापालाचा विषय राहतो.

न विचारला गेलेला प्रश्न

२०२१ नंतरच्या चर्चेत 'कारखाना खऱ्या अर्थाने कोणाचा ?' हा प्रश्न विचारला गेला, परंतु तो एकाच अर्थाने. नोंदीतील मालकामागे दुसरा कोणी मालक आहे काय, एवढ्यापुरताच. ऊस उत्पादक प्रदेशाच्या दृष्टीने त्याहून मूलभूत प्रश्न वेगळा होता. सभासदांच्या भागभांडवलावर व शासनाच्या साहाय्यावर उभा राहिलेला सहकारी कारखाना खासगी झाला कसा, आणि त्या प्रक्रियेत सभासदाचे काय झाले ?

जरंडेश्वरच्या बाबतीत हा प्रश्न शालिनीताई पाटील यांनी सातत्याने मांडला. राज्य सहकारी बँकेच्या थकबाकीपोटी २०१० मध्ये सुमारे ६५ कोटी रुपयांना त्या कारखान्याची विक्री झाली. विक्रीच्या प्रक्रियेला सभासदांच्या वतीने आव्हान देण्यात आले. राज्य सहकारी बँकेच्या कर्ज व विक्री व्यवहारांसंबंधी ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने जरंडेश्वरच्या मालमत्तेवर जप्ती आणली. अण्णा हजारे व मेधा पाटकर यांच्यासह अनेकांनी कारखान्यांच्या विक्रीविषयी आक्षेप नोंदविले होते.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाची तिन्ही रूपे एकत्र पाहावयास मिळतात. पुरुषोत्तमनगर येथे पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना, नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना आणि सहकारी म्हणून जन्मलेला व पुढे खासगी मालकीकडे गेलेला समशेरपूरचा कारखाना ही ती तीन रूपे होत. समशेरपूरच्या कारखान्याशी कोणाचा कोणता संबंध होता, याविषयी येथे कोणतेही विधान अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की, जिल्ह्याचे नाव ठळकपणे आले ते शोधमोहिमेच्या वृत्तात. मूळ सभासदांच्या हिश्शाची चर्चा त्या वृत्तात नव्हती आणि पुढील निवाड्याच्या वृत्तातही ती येण्याचे कारण नव्हते, कारण बेनामी कायद्याच्या कक्षेत सभासद हा पक्षकारच नसतो.

येथे जनमताचा आणखी एक पदर उलगडतो. कारखाना खासगी झाला तरी तो चालू असेल, ऊस वेळेवर तुटत असेल, काट्यावर वजन बरोबर येत असेल आणि रास्त व किफायतशीर दराची रक्कम मुदतीत जमा होत असेल, तर मालक कोण हा प्रश्न ऊस उत्पादकासाठी दुय्यम ठरतो. उभ्या उसाला तोड न मिळणे हे त्याच्यासाठी प्रत्यक्ष संकट असते, तर मालकीचा वाद हे दूरचे संकट. म्हणून जप्तीची बातमी ऐकून त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'यंदा गाळप होणार की नाही ?' हा. शहरी भाष्यकार यालाच 'लोकांना भ्रष्टाचाराचे काही वाटत नाही' असे म्हणतात. हा निष्कर्ष उथळ आहे. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका काट्यावर अवलंबून असते, त्याचे मौन हे संमतीचे नसून अगतिकतेचे असते.

याच साखळीच्या तळाशी ऊसतोड मजूर आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात. बारडोली परिसरातील खानदेशी तोडकऱ्यांच्या स्थितीचे विस्तृत अध्ययन यान ब्रेमन यांनी केले आहे. पतिपत्नीची जोडी जेथे 'कोयता' या एका अवजाराच्या नावाने मोजली जाते, तेथे कारखान्याच्या भागधारकांच्या यादीत तिचे नाव असण्याचा प्रश्नच येत नाही. कारखाना सहकारी असो, खासगी असो अथवा जप्त असो, तिच्या मताची नोंद कोठेही होत नाही. नेत्याच्या मालमत्तेवरील जनमत असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा या कुटुंबांचे मत त्यात धरलेले असते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारावयास हवा.

प्रतिज्ञापत्र, कुटुंब आणि मतपेटी

सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ व १३ मार्च २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराची मालमत्ता जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क प्रस्थापित झाला. फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने उत्पन्नाचे स्रोत जाहीर करण्याचे बंधनही आले. ही मोठीच उपलब्धी होय. तथापि प्रतिज्ञापत्रातील 'कुटुंब' म्हणजे उमेदवार, त्याचा जोडीदार व अवलंबून असणाऱ्या व्यक्ती. ग्रामीण समाजाच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे भाऊबंद, बहिणी, मेहुणे, जावई आणि विश्वासू कार्यकर्ते यांचा गोतावळा. कायद्याचे कुटुंब लहान आणि लोकांचे कुटुंब मोठे, या अंतरात संशय वाढीस लागतो. बहिणींच्या घरची तपासणी काहींना सूड वाटली तर काहींना स्वाभाविक वाटली, याचे मूळ या दोन व्याख्यांच्या भेदातच आहे. शिवाय ही प्रतिज्ञापत्रे इंग्रजीत वा बोजड कार्यालयीन मराठीत असतात. भिली, पावरी, मावची व अहिराणी बोलणाऱ्या मतदारापर्यंत त्यातील आकडे पोहोचतात ते कोणा तरी तिसऱ्याच्या तोंडून, आणि सांगणाऱ्याच्या हेतूसह.

मतपेटीचा कौल हाच मालमत्तेच्या वादावरील निकाल, असा दावा नेते वारंवार करतात. हा दावा तपासून पाहता टिकत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार दीड लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. अवघ्या काही महिन्यांनी बारामती विधानसभा मतदारसंघात स्वतः अजित पवार एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. विधानसभेचा मतदार लोकसभेच्या मतदारसंघातही होताच. दोन्ही कौल मालमत्तेच्या वादावरचेच मानले तर एकाच मतदाराने काही महिन्यांत उलटसुलट न्याय दिला असे म्हणावे लागेल. नंदुरबारचे चित्र याहून वेगळे नाही. लोकसभेला काँग्रेसचे गोवाल पाडवी यांनी डॉ. हिना गावित यांचा दीड लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. विधानसभेला मात्र जिल्ह्यातील चारपैकी दोन जागा भाजपला, एक शिवसेनेला (शिंदे) आणि एक काँग्रेसला मिळाली. अजित पवारांच्या पक्षाकडे यांपैकी एकही जागा गेली नाही. मात्र त्यावरून येथील मतदाराने समशेरपूरच्या छाप्यावर कौल दिला, असे कोणी म्हणू धजणार नाही. मत हे रस्ता, वीज, वनहक्क, नातेसंबंध, उमेदवाराची उपलब्धता अशा अनेक गोष्टींची बेरीज असते. त्या बेरजेतून एकच आकडा वेगळा काढून त्याला जनमत म्हणणे शास्त्रीय नव्हे.

याउलट जनमत व्यक्त होण्याची मतपेटीबाहेरची एक समृद्ध परंपरा या जिल्ह्याला आहे. श्रमिक संघटनेचे मोर्चे, सरदार सरोवराने बाधित झालेल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांचा प्रदीर्घ लढा आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार मिळालेल्या ग्रामसभा ही तिची उदाहरणे. या परंपरेत प्रश्न व्यक्तीच्या संपत्तीपासून सुरू होत नाही, तो 'आमचे काय गेले' येथून सुरू होतो. पत्रकार परिषदांतील आरोप आणि त्यांवरील प्रत्यारोप यांतून २०२१ मध्ये जे जनमत घडविले गेले, त्यात हा आरंभबिंदूच हरवला होता. किरीट सोमय्या यांच्या आरोपांना त्या काळात अफाट प्रसिद्धी मिळाली. परंतु आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप झाला तो, हे दोघेही पुढे एकाच सत्तापक्षाच्या छत्राखाली आले, तेव्हा त्या प्रसिद्धीवर पोसलेले जनमत निराधार झाले. ज्या मताला स्वतःची मुळे नसतात, ते दुसऱ्याने पाणी तोडताच सुकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नेत्याच्या मालमत्तेवरील जनमत हे एकसंध नसते. ऊस उत्पादक, मूळ सभासद, ऊसतोड मजूर व शहरी वाचक यांचे अनुभव भिन्न असल्याने त्यांची मतेही भिन्न असतात, आणि त्यांतील केवळ अखेरच्याचे मत छापले जाते. दुसरा, न्यायाधिकरणाचा निर्णय व लोकांचा संशय यांतील अंतर हे केवळ लोकांच्या अज्ञानाने निर्माण झालेले नाही. नाव आणि ताबा यांतील फारकतीचा जो दीर्घ अनुभव या प्रदेशाने घेतला, त्यात त्याचे मूळ आहे. तिसरा, करवादाला व्यक्तीच्या उत्कर्ष व अपकर्षाची कथा बनविल्याने सहकारी मालमत्तेच्या खासगीकरणाचा सार्वजनिक प्रश्न झाकला गेला. व्यक्ती मुक्त झाली की कथा संपते, परंतु सभासदाचा प्रश्न संपत नाही.

म्हणून यापुढील अभ्यासात आणि वृत्तलेखनातही 'लोकांना काय वाटते' या प्रश्नाआधी 'लोकांना काय माहीत करून दिले गेले' हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. विक्री झालेल्या प्रत्येक सहकारी कारखान्याची सभासद यादी, भागभांडवल, थकबाकी, विक्रीची किंमत व नंतरचे हस्तांतरण यांची माहिती त्या परिसराच्या ग्रामसभेपुढे, तेथील बोलीत, ठेवली गेली पाहिजे. अशा माहितीवर उभे राहिलेले मत नेत्याने पक्ष बदलल्याने बदलणार नाही आणि न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले तरी निरुत्तर होणार नाही, कारण त्याचा प्रश्न नेत्याला नसून व्यवहाराला असेल. नंदुरबारच्या आदिवासी शेतकऱ्याने १९७० च्या दशकात सातबारा हाती घेऊन जो प्रश्न विचारला होता, तोच कारखान्याच्या बाबतीत विचारणे अद्याप बाकी आहे.